झॅबिक्समधून (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) डिव्हाइस काढायचंय? मग डिसेबल की डिलीट, ते आधी ठरवा

महापेला आमच्या एनओसीत (नेटवर्कवर लक्ष ठेवणारी कंट्रोल रूम) नाइट शिफ्टला नवीन पोरं येतात त्यांचा हा गोंधळ ठरलेला. घोडबंदर रोडची एखादी ब्रँच बंद झाली, तिथला स्विच काढून आणून ठेवला, आता स्क्रीनवर लाल दिसायला नको म्हणून होस्टवर (झॅबिक्समधली त्या डिव्हाइसची नोंद) टिक मारली आणि सरळ डिलीट. लाल गेलं, पण महिन्याभराने ऑडिटवाले विचारतात त्या लिंकचा अपटाइम दाखवा, आणि मग सगळे एकमेकांची तोंडं बघतात. मीही एकदा केलंय हे, म्हणून सांगतोय.

डिसेबलचं सोपंय. सर्व्हर त्या डिव्हाइसला विचारणं बंद करतो, पिंग नाही की एसएनएमपी (डिव्हाइसकडून आकडे मागायची पद्धत) नाही, प्रॉब्लेम्समध्येही तो दिसत नाही, पण आयटम (मोजायची एकेक गोष्ट), ट्रिगर (प्रॉब्लेम कधी धरायचा ती अट), जुने ग्राफ, मॅपवरचा आयकॉन सगळं जागच्या जागी. परत एनेबल केलं की गाडी सुरू. (फक्त रात्रीपुरतं काम असेल तर डिसेबलही करू नका, मेंटेनन्स लावा, त्यात डेटा येत राहतो आणि अलर्ट तेवढे गप्प बसतात.)

डिलीटमध्ये होस्ट जातो, त्याचे आयटम जातात, मॅपवरूनही तो उडतो. आणि लोकांना वाटतं की त्याच नावाने, त्याच आयपीने परत अॅड केला की जुना ग्राफ येईल, तर नाही येणार, कारण हिस्टरी (साठवलेले जुने आकडे) नावाला नाही तर आयटम आयडीला बांधलेली असते आणि नवीन आयटमला नवीन आयडी मिळतो. आधी एक्स्पोर्ट करून ठेवलं असेल तरी त्या फाइलमध्ये सेटिंग असतं, आकडे नसतात.

बरं, आकडेही लगेच जात नाहीत. डिलीट दाबल्यावर त्याची नोंद हाउसकीपरच्या (जुना डेटा साफ करणारी झॅबिक्सची प्रोसेस) टेबलात पडते आणि तो डिफॉल्टने दर 1 तासाने येऊन थोडं थोडं साफ करतो. म्हणून डिस्क भरली म्हणून घाईघाईत 50 होस्ट उडवले तरी डिस्क तशीच भरलेली दिसते, मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये तर साफसफाई झाल्यावरही फाइल लहान होत नाही, ती मोकळी जागा पुढच्या डेटाला वापरली जाते एवढंच. आणि कृपा करून डेटाबेसमध्ये शिरून हाताने डिलीट क्वेरी मारू नका, हिस्टरीच्या टेबलांना आयटमशी फॉरेन की (दोन टेबलांना बांधणारा दुवा) नाहीये, त्यामुळे आयटम जातो आणि त्याच्या ओळी बेवारस पडून राहतात, हाउसकीपरकडे नोंदच नसते तर तो तरी काय करणार.

माझं मत विचाराल तर डिव्हाइस भंगारात गेला आणि त्याचे रिपोर्ट काढून ठेवले असतील तरच डिलीट, नाहीतर डिसेबल करून 'बंद' नावाच्या ग्रुपमध्ये टाकून द्या.

अजून एक गंमत म्हणजे डिस्कव्हरी रूल (आयपी रेंज तपासून डिव्हाइस शोधणारा नियम) चालू असेल आणि डिव्हाइस सापडल्यावरच्या अॅक्शनमध्ये होस्ट अॅड करा असं असेल, तर डिलीट केलेला डिव्हाइस परत येतो. आमचा तो घोडबंदरचा स्विच टेस्टिंगच्या टेबलावर चालू होता, आयपी आमच्याच रेंजमधला, सकाळी बघतो तर यादीत हजर. तेव्हा डिलीटच करायचं असेल तर आधी तो आयपी रूलमधून काढा, नाहीतर सरळ स्विचची पॉवर केबल काढा.