हमीवर काढलेली कर्जं आणि राज्याची आर्थिक शिस्त: थोडी पार्श्वभूमी

डिसेंबरात नागपुरात अधिवेशन भरलं की पहिल्याच दिवशी पुरवणी मागण्या मांडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांना आर्थिक शिस्त आठवते. २०२२ ला ५२ हजार कोटींच्या वर, २०२३ ला ५५ हजार कोटींच्या वर, २०२५ ला ७५ हजार कोटींच्या वर, आणि हे सगळं मार्चमध्ये मुंबईत पास झालेल्या बजेटच्या वरचं. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च कमाईपेक्षा जास्त, राजकोषीय तूट म्हणजे एकूण खर्च भागवायला काढावं लागलेलं कर्ज, यापेक्षा जास्त इथे सांगत बसत नाही. शिस्त परत आणा म्हणतात ना, तर ती गेली कुठून एवढंच बघू.

आपल्या विदर्भात सुरुवात कापसापासून होते. १९७२ ला एकाधिकार खरेदी आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, पैशातून निधीसाठी कपात व्हायची. बाहेर भाव चढला की गाड्या रात्रीतून मध्यप्रदेशकडे, आंध्राकडे निघायच्या, आणि इथला भाव जास्त असला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर. ९० च्या दशकात घाटा वाढत गेला, खरेदीसाठी कर्ज काढायचं आणि कर्जाला राज्याची हमी, म्हणजे बुडालं तर राज्य भरणार. हमीचे पैसे बजेटच्या तुटीत दिसत नाहीत, म्हणून कोणाला टोचतही नाहीत, कर्ज फिटलं नाही तरच टोचतात.

पण खरा वाद १९९६ चा, आणि त्यावर आजही दोन गट पडतात. कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा ३१ मे २००० नंतर फेरविचाराला खुला होणार होता, त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवून दाखवायचं होतं आणि तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. मग कृष्णा खोऱ्यासाठी वेगळं महामंडळ काढलं, त्याने बाजारात रोखे विकले, म्हणजे लोकांकडून व्याजाने पैसे उचलले, हमी राज्याची. कर्ज महामंडळाचं, म्हणून राज्याची तूट कागदावर आहे तेवढीच. धरणाच्या पाण्यातून रोख्याचं व्याज निघेल एवढी पाणीपट्टी इथे कधी कोणी वसूल केली नाही, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे व्याज आणि मुद्दल शेवटी तिजोरीवरच येणार होतं आणि तसंच झालं. बाजू घेणारे म्हणतात की रोखे काढले नसते तर पाणी गेलं असतं. मुद्दा खोटा नाही. पण त्या घाईत एकाच वेळी किती कामं सुरू केली, अर्धवट किती राहिली, यावर ते बोलत नाहीत.

विदर्भाचं पाटबंधारे महामंडळ १९९७ ला आलं, म्हणजे रांगेत मागेच. त्याआधी १९९४ ला विकास मंडळं झाली होती, निधीचं वाटप समन्यायी व्हावं ही जबाबदारी राज्यपालांकडे आली होती, पण ते गणित बजेटमधल्या पैशाचं आणि रोख्यांचा पैसा बजेटबाहेरून येणारा. अनुशेषाचा, म्हणजे मागे राहिलेल्या भागाच्या थकलेल्या कामांचा हिशोब मांडणाऱ्यांचा राग इथेच आहे, आणि मला तो पटतो. शिस्तीची भाषा सुरू झाली तेव्हा आपली कामं अर्ध्यात होती. गोसीखुर्द धरणाचंच बघा ना, १९८८ ला भूमिपूजन, मूळ किंमत ३७२ कोटी, पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर.

२००५ चा वित्तीय जबाबदारीचा कायदा काही आपल्याला शहाणपण सुचलं म्हणून आला नाही. केंद्राच्या वित्त आयोगाने अट घातली होती की कायदा करा, मग केंद्राचं जुनं कर्ज २० वर्षांसाठी साडेसात टक्क्यांवर बांधून देऊ, महसुली तूट कमी केली तर काही माफही करू. त्याच वर्षी व्हॅट आला, कर बरा जमला, आणि २००६-०७ पासून तीन वर्षं महसुली शिल्लक दिसली. नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शनही तेव्हाच बंद झाली, तो निखारा २०२३ च्या मार्चमध्ये संपाच्या रूपाने परत पेटला. मग सहावा वेतन आयोग आला अन् शिल्लक गेली.

पुढचं ताजंच आहे. २०१७ ची कर्जमाफी, नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग (तोही महामंडळाच्या कर्जावर, रस्ता चांगला झाला ते मान्य), २०२४ पासून महिन्याला १५०० रुपयांची लाडकी बहीण, आणि बिलं अडकलेले ठेकेदार. कायद्यातली राजकोषीय तुटीवरची (राज्याच्या एकूण उत्पादनाच्या) ३ टक्क्यांची मर्यादा बऱ्याचदा पाळली गेली हे सरकार अभिमानाने सांगतं, आणि आकडा खोटा नसतो, फक्त महामंडळाच्या खात्यातलं कर्ज त्यात धरलेलं नसतं. ती पळवाट केंद्राने २०२२ मध्ये अडवली, महामंडळाने काढलेलं पण बजेटमधून फेडायचं कर्ज, केंद्राने राज्याला घालून दिलेल्या कर्जमर्यादेतच धरायचं ठरलं, तेही २०२१-२२ पासून. राज्यांनी आरडाओरड केली तेव्हा मागच्या कर्जाची वजावट पुढच्या काही वर्षांत वाटून करायची सवलत मिळाली. म्हणून आता नवीन महामंडळ काढताना फाइल पूर्वीसारखी पटकन सरकत नाही, आणि जे आधी रोख्यांवर ढकललं जायचं त्यातलं बरंच डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत दिसायला लागलंय.