‘ळ’ची पोटं आणि मोटारींचे दोन कारखाने

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि वाढदिवसाचा फ्लेक्स नाही असा त्यांतला एकही रस्ता मी पाहिलेला नाही. त्यावरची अक्षरं वळतात कशी, हे कळलं तिथल्याच एका फ्लेक्सवाल्याकडे. हातानं काढलेला ‘ळ’ त्यानं स्कॅन करून ट्रेस केला, तर कॉम्प्युटरनं कडेकडेनं मुंग्या लागल्यासारखे नोड, म्हणजे कडेला धरून ठेवणारे बिंदू, टाकून ठेवले. त्यानं ते एकेक करून उडवले, उरलेल्या पंधराएक नोडांची हँडलं, म्हणजे नोडातून निघून वळण वाकवणाऱ्या दांड्या, ओढली, आणि ‘ळ’ची दोन्ही पोटं गुळगुळीत झाली. “नोड जितके जास्त, तितकं अक्षर खडबडीत, काका,” एवढंच तो म्हणाला.

ही हँडलं आली फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांतून. तोवर गाडीच्या पत्र्याचं वळण लवचिक पट्ट्या, साचे आणि माती-लाकडाचे नमुने यांच्या भरवशावर चाले. ते यंत्राला आकड्यांत सांगायची सोय नव्हती. सित्रोएनमधल्या पॉल द कास्टेल्जो या तरुण गणितज्ञानं १९५९ साली त्यावर तोड काढली. चार बिंदू घ्या (कडेचे दोन म्हणजे आपले नोड, मधले दोन म्हणजे हँडलांची टोकं), क्रमानं रेषांनी जोडा. तिन्ही रेषांचे मध्य काढून जोडा. झालेल्या दोन रेषांचे मध्य काढून पुन्हा जोडा. आता जी एक रेषा उरते तिचा मध्य नेमका वळणावर पडतो. मध्याऐवजी सगळीकडे पाव किंवा पाऊण धरलं, तर वळणावरचा दुसरा बिंदू हाती येतो. आठवीतल्या पोरानं वहीत पट्टीनं काढावं इतकं सोपं! यामागची बहुपदं, म्हणजे बीजगणितातली सूत्रं, तर बर्नस्टाइन या गणितज्ञानं १९१२ सालीच मांडून ठेवली होती.

सित्रोएननं ही युक्ती कुलपात ठेवली. तिकडे रेनोमध्ये पियेर बेझिए हे अभियंते १९६० च्या दशकात आपल्या वाटेनं त्याच वळणापाशी पोहोचले. त्यांना ते छापायची मुभा होती, म्हणून जगभर नाव चाललं ते बेझिएंचं. द कास्टेल्जोंच्या वाट्याला उरली ती मध्य काढत जायची रीत. तिला तेवढं त्यांचं नाव आहे. वाटणी काही बरोबरीची झाली नाही, पण बेझिएंनी कुणाचं उचललं नव्हतं, हेही खरं.

पुढचं भराभर झालं. पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणाऱ्या अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेनं १९८४ साली हीच वळणं छपाईत आणली, १९८९ साली कोरलड्रॉ हे चित्रं-अक्षरं काढायचं सॉफ्टवेअर आलं, आणि यथावकाश आपल्याकडच्या पेंटरांनीही ब्रश ठेवून माउस धरला.

गंमत म्हणजे या वळणाला खरा गोल काही जमत नाही. चार तुकडे जोडून वर्तुळ करायचं, प्रत्येक हँडल त्रिज्येच्या ०.५५२ पट ठेवायचं. तरी तो गोल त्रिज्येच्या दहा हजारांत तीनेक भागांनी चुकतोच. १० फूट व्यासाच्या फ्लेक्सवर ही चूक अर्धा मिलिमीटरही भरत नाही. दोरी ओवायच्या धातूच्या कड्या, म्हणजे आयलेट, ठोकताना फ्लेक्स याहून जास्त सरकतो.