बाल्सा की प्लॅस्टिक? डबीवरचं 'फ्लोटिंग' वाचून ठरवू नका

दर डिसेंबरात परदेशातून सुट्टीवर आलेलं कुणीतरी कर्वेनगरला आमच्या घरी येतं, गॅलरीतल्या टेबलावर अर्धवट कोरून ठेवलेली क्रँकबेटं उचलून बघतं आणि तोच प्रश्न विचारतं. क्रँकबेट म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा, ल्यूरचाच एक प्रकार: सोडला की तरंगतो, ओढला की खाली जातो. माझी बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची. यंदा भाचा होता. अमेरिकेतल्या जॉर्जियात असतो, दोन वर्षं झाली, बास माशाच्या मागे लागलाय. "मामा, या बाल्साच्या डबीवर फ्लोटिंग लिहिलंय, माझ्या प्लॅस्टिकच्या डबीवरही फ्लोटिंगच. दोन्ही दहा ग्रॅमची, दोन्ही सहा फूट खाली जातात. मग याला तिप्पट पैसे कशाला मोजायचे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. वैताग येतो तो त्यावर ठिकठिकाणी मिळणाऱ्या उत्तरांचा. "लाकडात जीव असतो." "बाल्सा जास्त तरंगतं." "हाताने केलंय ना, मग भारीच." पहिल्या वाक्याला काही अर्थ नाही, दुसरं अर्धवट खरं आहे आणि तिसऱ्यापायी मी स्वतः पैसे घालवलेत.

प्लॅस्टिकबद्दल फार सांगत बसत नाही, ते तुम्ही वापरलेलंच असतं. पोकळ कवच, दोन अर्धुकं जोडलेली, एकाच साच्यातून निघालेली, त्यामुळे दहा घेतली तरी दहाही सारखी चालणार. किरकोळ फरकही इथेच उरकतो. खोली ठरवते ती पुढची लिप, म्हणजे नाकाखालची पातळ जीभ. ती जितकी लांब आणि जितकी पुढे आडवी, तितकं क्रँकबेट खोल जातं, मग अंग कशाचंही असो. पोकळ कवचात गोळ्या खुळखुळतात, बाल्सा भरीव असल्यामुळे जवळपास मुकं. प्लॅस्टिक लांब फेकता येतं, बाल्सा वाऱ्यावर भरकटतं. झालं.

आणि एक विनंती. टणक अंगाच्या प्रत्येक ल्यूरला 'रॅपाला' म्हणणं सोडा. ते फिनलंडच्या लाउरी रापाला यांचं आडनाव आहे. त्यांनी 1936 साली पहिलं ल्यूर कोरलं ते बुचाचं होतं, बाल्सा नंतर आलं. त्यांच्या कंपनीची काही ल्यूरं बाल्साची असतात, काही प्लॅस्टिकची. तेव्हा 'रॅपाला आण' म्हटल्यावर दुकानदार काय हातात ठेवेल याचा नेम नाही.

आता मुख्य गोष्ट. भाच्याला मी कागदावर मांडून दाखवली, तशीच इथे मांडतो. दोन्ही ल्यूरांच्या अंगाचं आकारमान 12 घन सेंटिमीटर धरू. पूर्ण बुडाल्यावर प्रत्येकाने 12 ग्रॅम पाणी बाजूला सारलं. दोघांचं एकूण वजन 10 ग्रॅम, म्हणजे वर यायला दोघांकडेही 2 ग्रॅमचा जोर. तरंगणं अगदी सारखं. इथवर भाचा बरोबर होता.

पण हे 10 ग्रॅम बसलेत कुठे? हुक, रिंगा, लिप, तार आणि रंग मिळून साडेचार ग्रॅम धरा, हे दोघांना समान. बाल्साची घनता पाण्याच्या सुमारे 0.16 पट असते, त्यामुळे 12 घन सेंटिमीटर लाकूड दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. उरले साडेतीन ग्रॅम. ते मी शिशाच्या रूपात पोटाच्या अगदी तळाला, एकाच जागी बसवतो. प्लॅस्टिकचं तसं होत नाही. ते मुळात पाण्यापेक्षा किंचित जड. त्याचं दीड मिलिमीटर जाडीचं कवच केलं की पाचेक ग्रॅम त्या कवचातच जातात: पाठीवर, दोन्ही कुशींवर, शेपटाकडे, सगळीकडे पसरून. पोटात टाकायला उरतो जेमतेम अर्धा ग्रॅम.

खरा फरक तो हा. वजन तेच, तरंगणं तेच, वजनाची जागा वेगळी. तळाला जड असलेली बाहुली लहानपणी सगळ्यांनी पाडून पाहिलेली असते. आडवी केली की टुणकन उभी. हाताने केलेलं चांगलं बाल्सा क्रँकबेट म्हणजे पाण्याखालची ती बाहुली. लिपवर पाणी आदळून अंग डावीकडे कललं की तळाचं शिसं त्याला लगेच परत खेचतं, आणि कुशी हलक्या असल्यामुळे परत फिरायला जोर लागत नाही. म्हणून रीळ अगदी सावकाश फिरवलं तरी ते थरथरत राहतं. तितक्या हळू ओढलेलं प्लॅस्टिक बऱ्याचदा नुसतं काठीसारखं सरळ येतं. त्याला जागं करायला वेग द्यावा लागतो.

हे कधी उपयोगी पडतं? वसंताच्या सुरुवातीला, पाणी 10 ते 15 अंशांच्या आसपास असताना. बास तेव्हा सुस्त असतो, लांबवर पाठलाग करत नाही, त्याच्या तोंडासमोरून हळू आणि बारीक थरथरत जाणारं काहीतरी हवं असतं. उथळ, नितळ पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून जातानाही तेच. लिप फांदीवर आदळते, अंग पुढे कलंडतं, हुक पाठीमागे लपतात. तुम्ही क्षणभर थांबलात की ते सरळ होऊन उलटं मागे-वर सरकतं आणि सुटतं. बास बहुधा त्याच क्षणी घेतो. मी सहा वर्षं टेनेसीत नॉक्सव्हिलजवळ होतो, तिथे हे मनगटाला कळलं. जवळच्याच ओक रिजमध्ये फ्रेड यंग नावाच्या माणसाने बाल्सातून 'बिग ओ' कोरलं होतं, भाऊ ओडिसच्या नावावरून. 1970च्या दशकात त्याची प्लॅस्टिकची आवृत्ती बाजारात आली, उदंड खपली. आकार तोच. तरी जुने लोक हाताने कोरलेलंच शोधत राहिले. त्यांच्यातल्या कुणी घनतेचं गणित मांडलं नसेल, पण दोरीतून येणारी थरथर त्यांना कळत होती.

आता 'हाताने केलेलं' या शब्दाकडे येतो, कारण इथे माझे पैसे बुडाले. हाताने केलेलं म्हणजे बाल्साच असं नव्हे, देवदारासारख्या जड लाकडांचीही ल्यूरं हाताने होतात. आणि बाल्सा म्हणजे हाताचंच असंही नव्हे. हात लागतो तो वेगळ्या कारणासाठी. बाल्साचं झाड सावरीच्या आणि भेंडीच्या कुळातलं, झपाट्याने वाढणारं. त्यामुळे एका फळीची घनता 0.1 निघते तर दुसरीची 0.25. एरोमॉडेलिंगच्या दुकानातून मी एकाच गठ्ठ्यातल्या दोन पट्ट्या आणल्या, सोनाराच्या काट्यावर ठेवल्या, तर एक दुसरीच्या जवळजवळ दीडपट भरली. दोन्हींत सारखंच शिसं घातलं असतं तर एक ल्यूर नीट चाललं असतं, दुसरं ओंडक्यासारखं पडून राहिलं असतं. म्हणजे प्रत्येक अंग वेगळं तोलायला हवं, आणि ते काम साचा करत नाही.

मी ते बादलीत करतो. कोरलेल्या अंगाला आधी पातळ सुपरग्लू पाजतो, नाहीतर लाकूड पाणी पितं आणि माप चुकतं. मग सगळे हुक लटकवून शिसं पोटाला टेपने चिकटवायचं आणि पाण्यात सोडायचं. पाठीची नुसती कड पाण्याबाहेर, नाक किंचित खाली, एवढं जमेपर्यंत शिसं कानसने घासायचं. रंगाचं वजन पुढे चढणार, म्हणून थोडं कमीच ठेवायचं. मगच पोटात खाच पाडून ते कायमचं बसवायचं. टेनेसीत घेतलेल्या एका महागड्या ल्यूरवर खवलान् खवला रंगवलेला होता, डोळे तर असे की बघत राहावं. पाण्यात ते कुशीवर झोपून आलं. दोरी बांधायची कडी पक्कडने वाकवून पाहिली, काही उपयोग झाला नाही, कारण शिसंच एका बाजूला बसलं होतं. करणाऱ्याने ते एकदाही पाण्यात घातलं नव्हतं. म्हणून विकत घेताना रंगाचं कौतुक नंतर करा, आधी विचारा: हे पाण्यात ओढून पाहिलंय का? तार नाकापासून शेपटापर्यंत आरपार आहे का, की नुसते स्क्रूचे आकडे फिरवून बसवलेत? लिप कशाची? सर्किट बोर्डाच्या पातळ चकतीची असेल तर मी डोळे झाकून घेतो, ती जाड पारदर्शक लिपपेक्षा पाणी धारदार कापते.

गढूळ पाणी, भर उन्हाळा, दगडी बांध, सुटलेला वारा, या चारांपैकी काहीही असेल तर प्लॅस्टिकच न्या. दगडांवर घासत नेलेलं बाल्सा दिवसभरात लिपपाशी चिरतं.

"मग खडकवासल्यात बास सोडले तर?" हेही कुणीतरी विचारतंच. मुळीच नको. लार्जमाउथ बास जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, आणि ज्या मुळा-मुठेतून सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली आपल्या महाशीर माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, त्या पाण्याचे हाल आधीच कमी नाहीत. इथे परवानगीच्या पाण्यात मरळीसाठी क्रँकबेट ओढा, हात तयार होतो.

भाच्याने शेवटी माझ्याकडून दोन चपट्या कुशीची नेली. त्याला सांगितलं तेच: ओलं ल्यूर डबीत बंद करू नकोस, सावलीत वाळव. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नकोस, उन्हाने आतली हवा फुगते आणि वरच्या थराला फोड येतात. आणि हुकाच्या टोकाने एक बारीक ओरखडा पडला तरी त्याच संध्याकाळी त्यावर सुपरग्लूचा थेंब सोड.