स्ट्रॉबेरी (महाबळेश्वर-पाचगणी)

गुलाबाच्या कुळातलं, जमिनीलगत पसरणारं, मऊ खोडाचं बहुवर्षायू रोप. शास्त्रीय नाव फ्रागारिया अननासा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर, पाचगणी, भिलार आणि खाली वाई-जावळीकडं याची शेती चालते, देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी इथूनच जाते आणि 2010 साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालं.

नावातला 'अननासा' म्हणजे आपला अननसच, वासावरून पडलेलं नाव. हे रोप मुळात रानातलं नाही, बागेत जुळून आलेलं आहे. 1714 मध्ये फ्रेझिए नावाचा फ्रेंच अधिकारी चिलीतून मोठ्या फळाच्या जातीची, म्हणजे चिलोएन्सिसची रोपं जहाजातून घेऊन आला, पण ती सगळी मादी निघाली, फुलायची आणि फळ काही धरायचं नाही. पुढं शेजारी उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनियाना ही जात लावली गेली आणि त्या संकरातून साधारण 18व्या शतकाच्या मध्याला आजची स्ट्रॉबेरी आली. 1766 मध्ये दुशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं हा संकर आहे असं मांडलं आणि ते आजही मान्य आहे. खरा वाद त्याच्या मागच्या पिढ्यांचा आहे. दोन्ही आईबाप अष्टगुणित, म्हणजे 7 गुणसूत्रांचे 8 संच, एकूण 56, मग हे संच आले कुठून? 2019 च्या जीनोम (संपूर्ण जनुकसंच) अभ्यासात वेस्का, इनुमी, विरिडिस आणि निप्पोनिका अशा चार रानटी जाती पूर्वज म्हणून सांगितल्या, तर पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं पुराव्यात पहिल्या दोनच बसतात असं दाखवलं. वेस्का आणि इनुमीबद्दल दोन्हीकडं एकमत आहे, तेवढंच पक्कं धरलेलं बरं.

इथं ती इंग्रजांच्या काळात आली. कुणी तिचा संबंध महाबळेश्वरच्या तुरुंगातल्या चिनी कैद्यांशी जोडतात, ते कैदी बटाटा आणि विलायती भाज्या पिकवायचे हे खरंच आहे, पण साहेबाच्या बंगल्याची बाग हा रस्ता जास्त पटतो.

रोप बहुवर्षायू असलं तरी महाबळेश्वरात ते एका हंगामाचंच पीक आहे, आणि याला कारण पाऊस. वर्षाला 5000 मिमीच्या वर पाणी पडतं तिथं रोपाचा क्राऊन, म्हणजे मातीलगतचं आखूड खोड, कुजणारच. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडाला परदेशातून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून मदर प्लांट, म्हणजे पुढची रोपं काढायची मूळ रोपं येतात, कमी पावसाच्या वाईच्या बाजूला नर्सरीत वाढवतात आणि त्यांचे रनर धरतात. रनर म्हणजे दोरीसारखी लांब फांदी, तिच्या एकाआड एक पेराला नवं रोप फुटतं, दोन-तीन चिमुकली पानं आणि खाली पांढरे मुळांचे टोक, तेवढं मातीच्या पिशवीत टेकवलं की रोप जीव धरतं. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात तांबड्या मातीच्या गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर (वाफा झाकायचा प्लास्टिकचा कागद), खाली ठिबक, आणि पेपरला भोकं पाडून लागवड. जाती स्वीट चार्ली, विंटर डॉन, कामारोसा, नाबिला वगैरे. तोडा साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो.

आपण जे खातो ते शास्त्रानं फळच नाही, फुलाचा फुगलेला देठाचा भाग आहे, खरी फळं म्हणजे वरचे ते बारीक पिवळट दाणे. प्रत्येक दाणा आजूबाजूचा गर फुगवायला ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक सोडतो, त्यामुळं मधमाशी नीट फिरली नाही आणि काही दाणे धरलेच नाहीत तर तेवढी बाजू आखडते आणि फळ वेडंवाकडं होतं. असं फळ दिसलं की रोपाला दोष द्यायच्या आधी फुलोऱ्यात मधमाशा किती होत्या ते बघायला पाहिजे.

तोडणी पहाटे, गारव्यात. बोटं फळाला लावायची नाहीत, देठ नखानं खुडायचा, कारण दाबलेल्या जागी दुपारपर्यंत काळा डाग उठतो. चांगला माल पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, बारका आणि मऊ माल जॅम-क्रशच्या कारखान्याला.

थंडी पिकाला हवीच, पण वेण्णा लेक आणि लिंगमळा भागात पहाटे दव गोठतं तेव्हा फुलांचा मधला भाग काळा पडतो आणि त्या फुलाचं फळ गेलं. कीड-रोगात लाल कोळी, फुलकिडे, भुरी आणि राखाडी बुरशी हे नेहमीचे.