स्नायूंची फुरफुर आणि एएलएसची भीती

पोटरीचा किंवा पापणीचा स्नायू आपोआप फुरफुरू लागला की पुष्कळ जण इंटरनेटवर कारण शोधतात आणि थोड्याच वेळात ‘एएलएस’ या, प्रेरक (स्नायूंना हुकूम देणाऱ्या) चेतापेशी नष्ट करणाऱ्या आजाराच्या नावापाशी थबकतात. त्या आजारातही स्नायू फुरफुरतात हे खरे आहे. पण फुरफुर आहे म्हणून आजार आहे, हा उलटा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

मज्जारज्जूतून निघालेल्या एका चेतातंतूला स्नायूत शिरल्यावर असंख्य फाटे फुटतात आणि पोटरीत असा एकच तंतू हजाराहून अधिक स्नायुतंतूंना हुकूम देतो. विश्रांतीच्या वेळी चेतातंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक ठरावीक उंबरठ्यापर्यंत घटला की तंतूच्या पटलातील (बाह्य आवरणातील) सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सूक्ष्म दारे, उघडतात, सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत घुसतात आणि संदेश धावू लागतो. मज्जारज्जूचा हुकूम नसतानाही एखाद्या बारीक फाट्याच्या टोकाशीच हा उंबरठा ओलांडला जाऊ शकतो. तिथला संदेश उलटा मागे जाऊन इतर फाट्यांतही शिरतो, सारे स्नायुतंतू एकदम आकुंचन पावतात आणि त्वचेखालची ती हालचाल डोळ्यांना दिसते. यात कॅल्शियमचे काम मला विशेष विलक्षण वाटते. पटलाच्या बाहेरील पृष्ठभागावरचा ऋण भार कॅल्शियमचे आयन झाकून ठेवतात. रक्तात ते कमी पडले की वाहिन्यांना जाणवणारा विद्युत फरक प्रत्यक्षापेक्षा कमी होतो आणि त्या सहज उघडतात. अतिश्रम, अपुरी झोप, कॅफीन आणि चिंता यांमुळेही फुरफुर वाढते. कमतरता सिद्ध झालेली नसताना मॅग्नेशियमच्या गोळ्या रामबाण म्हणून विकणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

एएलएसमध्ये मूळ चेतापेशीच मरते. पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंना शेजारच्या चेतापेशी काही काळ सांभाळून घेतात, पण तीही क्षमता संपली की ताकद जाते आणि स्नायू झिजतो. सुई टोचून स्नायूतील विद्युत संदेश टिपणाऱ्या ईएमजी तपासणीत ही पडझड नोंदली जाते. १९९३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी निरुपद्रवी फुरफुर असलेल्या १२१ जणांचा दीर्घकाळ घेतलेला मागोवा प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकालाही हा आजार झाला नव्हता.

मात्र पाऊल वारंवार अडखळणे, मूठ सैल पडणे, उच्चार जड होणे, गिळताना त्रास होणे किंवा एखादा स्नायू बारीक होत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास फुरफुर असो वा नसो, मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.