शाफ्ट वाकलाय की लाइन गेलीय?

कोकणातून घाट चढून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोटीचा शाफ्ट आला की सोबतचा निरोप बहुतेक वेळा ठरलेला असतो. "बोट हादरतेय, शाफ्ट सरळ करून द्या." व्ही ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर ठेवून डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप लावावं तर त्यातले बरेच शाफ्ट सरळच निघतात. दोष तिकडं बोटीत राहिलेला असतो आणि भाडं भरून इकडं येतो तो निर्दोष शाफ्ट. याच्या उलटही होतं. शाफ्ट खरोखर वाकलेला असतो आणि मेकॅनिक दोन दोन दिवस इंजिन ज्यांवर बसतं ती माउंटिंग वर-खाली करत बसतो. दोन्हीकडं पैसा जातो, सीझनचे दिवस जातात. म्हणून शाफ्ट बाहेर काढण्याआधी बोटीतच करायची तपासणी इथं नीट सांगतो.

उदाहरणाला स्की बोट, म्हणजे पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरानं ओढणारी बोट घेतो, कारण हा दोष तिच्यात सगळ्यात लवकर बोलतो. इंजिन बोटीच्या मध्यावर, त्याच्यामागं गिअरबॉक्स, मग त्याला शाफ्टशी जोडणारं कपलिंग, आणि तिथून तिरका खाली बुडातून बाहेर गेलेला साधारण एक इंच जाडीचा स्टेनलेस शाफ्ट. बुडाखाली स्ट्रट, म्हणजे शाफ्टला धरणारा पाय. स्ट्रटमध्ये पुढं आणि मागं रबरी अस्तराची कटलेस बेअरिंगं, ज्यांना वंगण म्हणून पाणीच चालतं. शेवटी पंखा. स्लॅलम स्पर्धेत ही बोट स्कीअरला ताशी ५८ किमीपर्यंत ओढते. ३००० आरपीएमला आणि एकास एक गिअरबॉक्सला शाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. एवढ्या फेऱ्यांत दोन-तीन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरकसुद्धा सीटखाली जाणवतो.

आता दोन दोष. शाफ्ट वाकला म्हणजे त्याचा मध्य त्याच्याच अक्षावर राहिला नाही. तळ्यातला ओंडका लागला, पंख्यात दोर गुंडाळला, ट्रेलरवर चढवताना आपटला, की हे होतं. लाइन गेली म्हणजे शाफ्ट सरळ आहे, गिअरबॉक्सही ठीक आहे, पण दोघांची तोंडं एकमेकांसमोर नीट बसत नाहीत. माउंटिंगचं रबर वर्षानुवर्षं दबत जातं, नाहीतर स्ट्रट धक्क्यानं सरकतो, आणि लाइन बिघडते. सायकलचं चाक आठवा. रिम आउट असेल तर फेरीत एकदाच ब्रेकच्या रबराला घासते. चाक सरळ असून फोर्कमध्ये तिरकं बसलं असेल तर एकाच बाजूला सतत घासतं. पहिला दोष फिरतो, दुसरा जागेवर उभा राहतो. पुढचं सगळं निदान याच एका फरकावर चालतं.

नुसत्या हादऱ्यावरून निदान करू नका. दोन्ही दोषांत थरथर शाफ्टच्या वेगाबरोबर वाढते, दोन्हींत ग्लँड, म्हणजे शाफ्ट बुडातून जातो तिथलं पाणी अडवणारं पॅकिंग, गळतं, दोन्हींत गिअरबॉक्सचं मागचं सील जातं. वाकडा पंखाही अगदी असाच हादरवतो, तेव्हा तो आधी बघून घ्या. न्यूट्रलमध्ये रेस केल्यावरही बोट तशीच थरथरत असेल तर शाफ्टचा विषय सोडा आणि इंजिनाकडं वळा.

खरी परीक्षा कपलिंगवर. बोट पाण्यात हवी. पंचगंगेच्या काठावरच्या पंपांचं कपलिंग लावून हात बसलेल्या आपल्याकडच्या फिटरला हे पहिल्यांदा पटत नाही, कारण त्याचं फाउंडेशन काँक्रीटचं असतं, ते हलत नाही. बोटीचं फाउंडेशन म्हणजे तिचं बूड, आणि ट्रेलरवर टेकलेलं बूड पाण्यातल्या बुडापेक्षा वेगळ्या आकारात असतं. ट्रेलरवर तंतोतंत लावलेली लाइन पाण्यात गेल्यावर बिघडते. बोट एक दिवस पाण्यात राहू द्या, मग हात लावा. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात.

कपलिंगचे बोल्ट काढा आणि शाफ्ट थोडा मागं सरकवा. सुटलेला शाफ्ट कपलिंगच्या वजनानं खाली झुकतो, त्यामुळं त्याला तेवढाच आधार द्या की तो आपल्या नैसर्गिक जागी राहील. आधार न देता घेतलेलं माप खोटं असतं. आता दोन्ही फ्लँज, म्हणजे कपलिंगच्या समोरासमोरच्या तबकड्या, हलकेच जवळ आणा, कुठंतरी एका ठिकाणी टेकेपर्यंत. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं अशा चार जागी फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घाला आणि मापं लिहून ठेवा. समजा खाली आठ थाऊ फट आली आणि वर शून्य.

बरेच जण इथंच थांबतात आणि पाना उचलतात. थांबू नका. गिअरबॉक्सचा फ्लँज घट्ट धरून ठेवा, फक्त शाफ्टचा फ्लँज पाव फेरी फिरवा आणि पुन्हा मोजा. मोठी फट अजून खालीच आहे? मग दोष जागेवर उभा आहे, लाइन गेलीय. फट फ्लँजबरोबर फिरून बाजूला आली? मग शाफ्ट वाकलाय, नाहीतर कपलिंगचा चेहरा शाफ्टला काटकोनात नाही. अर्धी फेरी आणि पाऊण फेरीलाही मोजा, शंका उरत नाही. मग शाफ्ट स्थिर ठेवून गिअरबॉक्सचा फ्लँज फिरवा. फट त्याच्याबरोबर फिरली तर दोष गिअरबॉक्सच्या बाजूला. कधी फट खालीच राहते पण तिचं माप फेरीगणिक कमीजास्त होतं. तिथं दोन्ही दोष एकत्र आहेत. अशा वेळी आधी शाफ्ट दुरुस्त करायचा, लाइन नंतर. वाकड्या शाफ्टला जुळवलेली लाइन त्या एका कोनातच खरी असते.

झिजेच्या खुणाही हेच सांगतात, आणि मला त्या गेजइतक्याच भरवशाच्या वाटतात. लाइन गेली असेल तर दाब बेअरिंगच्या एकाच बाजूवर बसतो, शाफ्ट मात्र सगळ्या अंगानं त्या दाबाखालून जातो. म्हणून कटलेस बेअरिंग एका बाजूला खाल्लेलं दिसतं आणि शाफ्टवर गोल, सारखी चकाकी. पुढचं बेअरिंग वर आणि मागचं खाली झिजलं असेल तर शाफ्ट आणि स्ट्रट एका रेषेत नाहीत, तिथं नुसतं इंजिन हलवून भागणार नाही. शाफ्ट वाकला असेल तर हे चित्र बरोबर उलटं. दाब शाफ्टबरोबर फिरतो, त्यामुळं बेअरिंग सगळीकडून मोठं झालेलं आणि शाफ्टच्या एकाच अंगावर घासल्याचा चमकदार पट्टा. जुनी बेअरिंगं म्हणून टाकून देऊ नका, आधी हातात घेऊन उजेडात बघा.

लाइन लावताना आधी दोन्ही फ्लँजच्या कडा वरखाली आणि आजूबाजूला जुळवा, मग फटीकडं वळा. अशा डायरेक्ट ड्राइव्ह बोटीत, म्हणजे जिथं इंजिन, गिअरबॉक्स आणि शाफ्ट एकामागं एक असतात तिथं, खाली फट जास्त असेल तर इंजिनाचं पुढचं टोक खाली घ्यावं लागतं. नट थोडा थोडाच फिरवा आणि प्रत्येक वेळी परत मोजा. चार इंची फ्लँजला तीन थाऊ, म्हणजे ०.०७५ मिमी, ही मर्यादा धरा. माउंटिंगचे नट आवळल्यावर शेवटचं माप पुन्हा घ्यायचं, कारण आवळताना इंजिन हमखास सरकतं.

वाकलेल्या शाफ्टचं काम मात्र टेबलावरचं. त्याला लेथच्या सेंटरमध्ये धरून तपासू नये. पंखा काढताना ठोकाठोकीत टोकाची सेंटरं, म्हणजे लेथवर धरायची भोकं, मार खाल्लेली असतात आणि सरळ शाफ्टही आउट दाखवतात. जिथं बेअरिंग बसतं तिथं व्ही ब्लॉक ठेवायचे, मग डायल. हातानं सावकाश फिरवलं की काटा एकीकडं चढतो, थांबतो, उतरतो. जिथं तो थांबतो तिथं खडूची खूण. काट्याचा पूर्ण फरक ०.३० मिमी आला तर खरा बाक त्याच्या निम्मा, ०.१५. प्रेसवर दाबताना स्टेनलेस परत उसळतं, म्हणून सरळ रेषेच्या किंचित पलीकडं दाबून सोडावं लागतं, आणि हे किंचित किती ते प्रत्येक शाफ्टला वेगळं. गॅसनं तापवून सरळ करू पाहणाऱ्याला शाफ्ट देऊ नका, धातूची ताकद जाते. बाक टेपरच्या, म्हणजे पंखा बसतो त्या निमुळत्या टोकाच्या, किंवा चावी बसते त्या चावीगाळ्याच्या तोंडाशी असेल तर मी नवीन शाफ्टच घ्यायला सांगतो, तिथं चीर धरायला वेळ लागत नाही.

पाठवायची वेळ आलीच तर नुसता शाफ्ट पाठवू नका. कपलिंग आणि चावी बरोबर द्या, म्हणजे कपलिंग शाफ्टवर बसवूनच त्याचा चेहरा लेथवर घेता येईल. वेगळं फेसिंग करून नंतर बसवलेलं कपलिंग पुन्हा तिरकं बसू शकतं. टेपरवर जुनं फडकं गुंडाळा, शाफ्ट लाकडी फळीला तीन ठिकाणी बांधा, नाहीतर फोंडा घाटाच्या वळणांवर ट्रकमधल्या पोत्यांखाली तो नव्यानं वाकेल. आणि फ्लँज पाव पाव फेरी फिरवून घेतलेली ती चार-चार मापं कागदावर लिहून सोबत द्या.