लांबचा रस्ता लवकर पोचवतो तेव्हा

आपल्याकडे ‘नाशिक किती लांब?’ असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘चार तास.’ अंतर विचारलेलं असतं, सांगितली जाते वेळ. रस्त्यावर ते चालून जातं. आकाशात मात्र हा हिशोब साफ चुकू शकतो.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हीच जोडी घ्या. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सैबेरियावरून आर्क्टिक महासागरात शिरतो आणि अलास्कावरून खाली येतो. लांबी साधारण १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाचं विमान मात्र पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने ते उलट दिशेला वळवलं: चीन, जपान आणि मग प्रशांत महासागर. हा रस्ता तब्बल १५,३०० किलोमीटरचा. म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी पोचलं!

कारण विमानाचा खरा रस्ता म्हणजे हवा, आणि ती हवाच वाहत असते. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी ९०० किलोमीटरने उडणाऱ्या विमानाला मागून ताशी १३८ किलोमीटरचा वारा मिळाला, तर खालची जमीन ताशी १,०३८ किलोमीटरने मागे पडते. पश्चिमेला जाताना तोच वारा समोरून येतो. मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि परतताना कमी, तोही यामुळेच.

पुष्कळांना वाटतं, पृथ्वी खालून फिरते म्हणून असं होतं. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. हवा तिच्यासोबत फिरत नसती, तर उलट पश्चिमेचा प्रवास लवकर संपला असता. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडवळणाने. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे ध्रुवाकडे निघालेल्या हवेला पृथ्वीचं फिरणं पूर्वेकडे वळवतं. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो आणि झोत आणखी जोर धरतो.

हे वारे प्रथम नीट मोजले ते जपानमध्येच. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून त्यांचा माग काढत. जगाने वाचावं म्हणून १९२६ साली त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि त्या भाषेमुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. मला याची फार हळहळ वाटते. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेली अमेरिकन बॉम्बफेकी विमानं याच वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे जगाचं लक्ष तिकडे गेलं.

२०१६चं ते विमान त्याच जपानवरून गेलं. १६ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीतून निघालेले प्रवासी वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तेव्हा तिथे १६ ऑक्टोबरचीच सकाळ होत होती.